स्पिटफायरच्या पोटाखाली आरसा

चवथीला भाचा घरी आला. माझ्या संग्रहातलं नवं छोटं विमान हातात घेऊन त्यानं उलटसुलट फिरवलं आणि कोकणीत विचारलं, "मामा, हाका बंदूक ना?" म्हणजे, याला बंदूक नाही का?

नाही. हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरच, पण पीआर मार्क ११, म्हणजे फोटो काढणारं. बंदुकांची गरज नसल्यामुळे पंखांच्या पुढच्या कडेत पेट्रोलच्या टाक्या बसवलेल्या, दर पंखात ६६ गॅलन, आपल्या हिशेबात ३०० लिटर. वैमानिकासमोरची जाड चिलखती काचही काढून तिथं साधी गोलाकार काच दिलेली. नाकाखाली जरा फुगीर हनुवटी दिसते ना, ती तेलाच्या मोठ्या टाकीमुळे. एवढ्या लांब जायचं तर तेलही जास्त लागणार. सगळं विमान एकाच रंगाचं, राखाडीकडे झुकणारं निळं. उंच जा, फोटो काढ, कुणाशी न भांडता घरी ये. घरातली इतर लढाऊ विमानं पाहून झाल्यावर भाच्याला हे मुळीच पटलं नाही.

मॉडेल डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, १:७२ प्रमाणाचं. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी ११.२३ मीटर, म्हणजे माझ्या हातातली साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास. मी पट्टी लावून पाहिली, बरोबर निघाली. सर्व्हेअरला दुसरं काय सुचणार!

आता खरी गंमत. विमान उलटं करा. कॉकपिटच्या मागे, पोटाला, दोन छोट्या गोल खिडक्या. या विमानाचं सगळं प्रयोजन तिथं. आत दोन कॅमेरे, भिंगांची नाभीय लांबी (फोकल लेंथ) बऱ्याचदा ३६ इंच, म्हणजे ३ फूट. उंची ३०,००० फूट धरा. ३ फूट भागिले ३०,००० फूट, म्हणजे फोटोचं प्रमाण १:१०,०००. दहा मीटरचं घर निगेटिव्हवर एक मिलिमीटरचं येतं. आणि त्या उंचीला ७२ नं भागलं तर १२७ मीटर. म्हणजे माझ्या टेबलावरच्या विमानानं प्रमाणात उडायचं ठरवलं, तर फोटोतली जमीन १२७ मीटर खाली असायला हवी. गोव्यात फोंड्यातल्या आमच्या घराला तेवढी उंची मिळणं अवघडच आहे.

असे फोटो एकमेकांवर साठ टक्क्यांच्या आसपास चढतील असे घेतात. नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला आरशांच्या स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन फोटो एकत्र दाखवून उठाव दिसवणाऱ्या यंत्राखाली, अशा जोड्या मिळायच्या. दोन्ही डोळे जुळेपर्यंत नुसते दोन करडे कागद, आणि मग एकदम खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतले, बांध वर येतात, माडांच्या सावल्या सुटतात, मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायची, दारं कुठं आहेत ते कळतं. उठाव खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो, त्यामुळे नवख्याला बांध किल्ल्याच्या तटासारखा वाटतो. इंग्लंडात मेडमनहॅमला हेच काम युद्धासाठी चालायचं. कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या अधिकारी बाईंनी १९४३ मध्ये जर्मनीतल्या पेनेम्युंडच्या फोटोंत एक बारीकसं पंखवालं यंत्र ओळखलं. तो व्ही-१ हा जर्मनांचा उडता बॉम्ब होता.

आणि त्याच्याही आधी, २१ मे १९४१ला, मायकेल सकलिंग नावाच्या तरुण वैमानिकानं नॉर्वेत बर्गनजवळच्या फ्योर्डात (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचा फोटो काढला. तिला गाठायला पुढं किती ब्रिटिश जहाजं धावली, हे सगळ्यांना ठाऊक. फोटो काढणारा मात्र दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्याकडे गेलेला परत आला नाही. त्याचं विमान मार्क ११च्या आधीच्या पिढीतलं, तेही विनाशस्त्र. माझ्या मते लढाऊ विमानांच्या मॉडेलांना मिळणारं कौतुक यांना मिळत नाही, त्याचं कारण सरळ आहे: त्यांच्यावर पाडलेल्या विमानांचे शिक्के मारता येत नाहीत.

म्हणून हे विमान कपाटात नेहमीसारखं ठेवायला मन तयार होईना. स्टँडवर चढवलं की खिडक्या खाली जातात आणि पाहुण्याला फक्त निळा पंख दिसतो. मी स्टँडखाली दाढीच्या आरशाचा तुकडा ठेवला. आता कुणी वाकून बघितलं तर पोट दिसतं, आणि वाकून न बघणाऱ्याला मी मुद्दाम सांगतो.

मॉडेलमधल्या त्या खिडक्या आरपार नाहीत, काळा छाप आहे. चालतं. लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या मात्र हव्यातच. आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुस्तकांनाही बुरशी चढते. डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, त्यात शिसं थोडं जरी जास्त मिसळलं असेल तर दमटपणात तो आतून तडकायला लागतो, रंगाला पोपडे येतात आणि पंख वाकडा होतो. त्यावर उपाय नाही. जुनी मॉडेलं घेताना म्हणून आधी चाकांच्या खोबणी आणि पंखांचे जोड बघा, तडे तिथं लवकर लक्षात येतात.

यापुढं मला महायुद्धात कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या ६८१ स्क्वाड्रनचं मार्क ११ हवंय, ज्यांनी बर्माच्या जंगलावरून फोटो काढले. त्या भागातल्या ब्रिटिश विमानांवरच्या ओळखीच्या वर्तुळांत लाल ठिपका नसे, जपानी खुणेशी गोंधळ नको म्हणून. फक्त गडद आणि फिका निळा. असं मॉडेल कुणाकडं विकायला असेल तर सांगा, किंमत बोलून घेऊ. खोका फाटका असला तरी हरकत नाही.