आमची वाटचाल : कोकम सरबताची पहिली बाटली

कुडाळजवळच्या आमच्या छोट्या उद्योगात सुरुवातीची अनेक वर्षे आमसुले आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) एवढीच दोन उत्पादने होती. आमसुले पोत्यांनी आणि आगळ कॅनांनी व्यापाऱ्याकडे जाई, त्यामुळे भावही तोच ठरवी. आपल्या नावाची बाटली असावी, हा विचार त्या चिडीतूनच आला.

सरबताची गोम अशी, की त्याचे फळ आणि त्याचे गिऱ्हाईक एका वेळी येत नाहीत. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस लागला की झाडावरचे फळ हातचे जाते. उलट मुंबईचे दुकानदार उन्हाळ्याचा माल फेब्रुवारी-मार्चमध्येच भरतात. म्हणजे यंदा भरलेली बाटली पुढच्या वर्षी विकायची आणि मधले आठ-नऊ महिने साखर, बाटल्या व मजुरी यांत गुंतलेला पैसा सांभाळायचा. हिशेब पाहणाऱ्या माझ्या पत्नीने हे गणित कागदावर मांडले, तेव्हा माझा उत्साह निम्मा झाला होता, हे कबूल करतो.

माणसे चारच होती. पत्नी, दादर-लालबागच्या दुकानांत फिरणारा माझा मावसभाऊ, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शिकून आलेला एक तरुण, आणि आमच्याकडे बारा वर्षे आगळ गाळणाऱ्या काकी. या चौघांना मी कामे वाटून दिली आणि संघ तयार झाला असे समजलो.

पहिल्या मे महिन्यात साली आणि साखर यांचे थर पिंपांत भरले. अशा पाकात विद्राव्य घटक (मुख्यतः विरघळलेली साखर) किमान 65 टक्के असावे लागतात. त्याखाली तो टिकेल याचा भरवसा नसतो. तरुणाने पिंपाच्या तळाच्या नळातून नमुना घेतला, हे प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 68 आले, आणि बाटल्या भरल्या गेल्या. जुलैत गोदामातल्या एका रांगेतली झाकणे फुगली. बाटली उघडली की फेस येई आणि ताडीसारखा आंबूस वास सुटे. सुदैवाने माल अजून बाजारात गेला नव्हता, पण 240 बाटल्या ओताव्या लागल्या.

कारण शोधताना काकी हळूच म्हणाल्या, "वरचा पाणी नि खालचा पाणी एक नसता." साखरेचा जड पाक तळाशी बसतो आणि सालींचे सुटलेले पाणी वर राहते, हे त्यांना हाताने ढवळताना कायम कळत आले होते, आमचा नमुना तळाचा होता आणि वरच्या थरात तो आकडा 58 च्या आसपास असणार. मग त्या वेळी बोलला का नाहीत, असे मी विचारले. "सर शिकलेले, मी काय सांगतलय," एवढेच उत्तर मिळाले. त्या तरुणाने त्यांना बोलू नका असे कधीच म्हटले नव्हते. त्याला विचारायचे सुचले नव्हते, आणि ती सोय मी करून दिली नव्हती, ही चूक त्याच्यापेक्षा माझी अधिक होती.

त्यानंतर प्रत्येक पिंपाची एक वही झाली. वर, मध्ये आणि तळाशी असे तीन नमुने तरुण मोजतो, वास आणि रंग काकी पाहतात, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय बाटली भरायची नाही, मग बाहेर टेम्पो उभा असला तरी. मावसभावालाही मी बजावले, की वही पाहिल्यावाचून दुकानदाराला तारीख द्यायची नाही. त्याला हे फारसे रुचले नाही, पण पुढच्या फेब्रुवारीत पहिला माल वेळेवर गेला आणि एकही बाटली परत आली नाही.

दुसऱ्या हंगामात काकींनी एक पिंप थांबवले. तिन्ही आकडे बरोबर होते, तरी त्यांना वास पटला नाही. आम्ही एक दिवस थांबलो, पाक पुन्हा ढवळला, पुन्हा मोजला; काहीच दोष निघाला नाही. टेम्पोचे भाडे फुकट गेले आणि मावसभाऊ दिवसभर गप्प होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी वहीत सही केली, तेव्हा त्या तरुणाने आधी त्यांना पेन दिले आणि मग स्वतःची सही केली.