ओब्बोंना इंग्रजीत निरोप

रविवार, रात्री

ओब्बो (ओरोमोत ‘श्रीयुत’; आम्ही सगळे मास्तरांना हेच म्हणायचो) गेले याचं वाईट वाटून झालं होतं. आज शोकसभेहून परतल्यापासून जे टोचतंय ते वेगळंच आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांची सगळी भाषणं इंग्रजीत झाली.

पाद्री ओरोमोत, म्हणजे ओब्बोंच्या इथिओपियातल्या भाषेत बोलले, म्हातारी मंडळीही. पण ज्यांना दर शनिवारी चर्चच्या तळघरात बसवून ओब्बोंनी अक्षरं गिरवून घेतली, ती पोरं एकेक करून उठली आणि मोबाइलवरून वाचत मिनेसोटाच्या अस्सल इंग्रजीत बोलली. बोलली चांगलं, दोघं-तिघं रडलीही. ओब्बोंची बहीण पहिल्या रांगेत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी प्रत्येक भाषणाला मान हलवत होती.

मला रागच आला. शाळेत आपली भाषा बोलला म्हणून छड्या खाल्लेला माणूस हा. वडिलांनी ओरोमोंच्या मेचा-तुलामा संघटनेला शाळांसाठी वर्गणी दिली आणि 1967 साली तिच्यावर बंदी आल्यावर पावती चुलीत घातली, हे ते हसत सांगायचे. 1991 मध्ये लॅटिन अक्षरांतली कुबे लिपी ठरली, तेव्हा या गृहस्थांनी मास्तर असूनही स्वतःची भाषा लिहायला नव्याने शिकून घेतली आणि लगेच इतरांना शिकवायला बसले. अशा माणसाला निरोप इंग्रजीत?

पण रागावणारी मी कोण? त्याच तळघरात रविवारी आमचा मराठीचा वर्ग. प्रार्थनेनंतर ओब्बो डोकवायचे. आमचं ऱ्हस्व-दीर्घाचं रामायण ऐकून म्हणाले होते, ‘यावरून भांडता? आम्ही दीर्घ स्वराचं अक्षर दोनदा लिहितो, संपला विषय.’ 2020 मध्ये ओरोमो गायक हाचालू हुंडेसाला मारलं त्या आठवड्यातही त्यांनी झूमवरचा वर्ग चुकवला नाही. कॅमेरा मात्र बंद होता. असो.

खरं म्हणजे मी आज माझीच शोकसभा ऐकत होते. बाकी सगळं त्यावरचं पांघरूण. माझ्या वेळी आमचे चिरंजीव उठणार, मोबाइल काढणार आणि आईने आमच्यासाठी किती केलं ते इंग्रजीत वाचणार. इतकी वर्षं बाराखडी, शुभंकरोती, बर्फातून गाडी हाकत वर्गाला नेणं, ते सगळं कशासाठी? गाडीत मघाशी यावर रडूही आलं. मग वाटलं, त्याचं मराठी ऐकता भाषण इंग्रजीत झालेलंच बरं. मराठीत केलं तर ‘आई मेला’ म्हणेल.

ओनेसिमोस नेसिबची गोष्ट ओब्बो किती रंगवून सांगायचे! लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकलेलं पोर, 1870 मध्ये तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात सुटलं. पुढे स्वीडनला शिकून आला आणि ओरोमोत बायबल करायला बसला, तर घरची भाषाच पुरेना! बालपणाबरोबर तीही तुटलेली. मग आस्तेर गन्नो मदतीला आली. तीही गुलामीतून सुटलेलीच, पण गाणी, म्हणी, गोष्टी तिच्या तोंडात. दोघांचं वाचनाचं पुस्तक 1894 साली आलं, अख्खं बायबल 1899 साली. ओरोमो मुलखापासून इतक्या लांब, समुद्रकाठी बसून केलेलं काम. ‘आणि ओरोमो कच्चं कुणाचं? ओनेसिमोसचं!’ म्हणून ओब्बो टेबलावर थाप मारायचे. वर्गातल्या सर्वांत ढ पोराकडे बघून मारायचे, हे मला आज आठवलं.

तो ढ पोरगा आज सर्वांत लांबलचक बोलला. इंग्रजीतच. नंतर कॉफीच्या रांगेत माझ्यामागे येऊन उभा राहिला. म्हणाला, आंटी, तळघराची किल्ली तुमच्याकडे असते ना, शनिवारचा वर्ग मी चालू ठेवणार आहे. मी विचारलं, तुला येतं का तेवढं? तर म्हणे, नाही, पण आत्या येऊन बसेल शेजारी, मी अडलो की ती सांगेल.

ती मान हलवणारी. तिला इंग्रजी येत नाही आणि वर्गातल्या निम्म्या पोरांना दुसरं काही येत नाही. कसं जमवणार आहेत कोण जाणे. मंगळवारी संध्याकाळी सहाला किल्ली न्यायला ये म्हटलंय. म्हणजे सातला येईल, वेळेच्या बाबतीत तो ओब्बोंचाच चेला. कपाटातल्या खडूच्या पेटीवर ‘मराठी’ लिहिलंय, तिला हात लावायचा नाही, हेही सांगायला हवं.