केप्लर जिथं गेला ते गाव

शनिवार, १५ नोव्हेंबर. रेगेन्सबुर्ग, रात्री

पाय ठणकताहेत, पण आजचं आजच लिहून ठेवायचं आहे. उद्यावर टाकलं की निम्मं निसटतं.

सकाळी म्युनिकहून गाडीनं निघालो, मी आणि लेक. दीड तासाचा प्रवास आणि खिडकीबाहेर नुसतं धुकं. मधेच एखादं निष्पर्ण झाड पुढं यायचं आणि लगेच मागं जायचं. लेक आठवडाभर म्हणत होती, "आई, नोव्हेंबरात कुणी फिरायला जात नाही गं इथं. डिसेंबरात जाऊ, नाताळचा बाजार तरी बघायला मिळेल." पण मला बाजार नको होता, मला आजची तारीख हवी होती. १५ नोव्हेंबर १६३० ला योहानेस केप्लर या गावात वारला. दहावीच्या पोरांना ३१ वर्षं ज्याचे ग्रहांच्या गतीचे तीन नियम मी शिकवले, तो केप्लर.

विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण. जूनमध्ये शाळा भरली की फळ्यावर मी पहिली आकृती काढायची ती केप्लरच्या कक्षेची. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या, त्यांच्याभोवती सैल दोऱ्याचं कडं, दोरा ताणून धरत पेन्सिल फिरवायची. लंबवर्तुळ तयार. एका टाचणीपाशी सूर्य. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, दुसऱ्या टाचणीपाशी काय असतं?" मी म्हणायची, "काही नसतं. चला, दुसरा नियम घ्या." तास ३५ मिनिटांचा, पोर्शन मोठा.

एवढी वर्षं शिकवूनही हा माणूस कसा जगला आणि कुठं, कशासाठी गेला, ते मला माहीत नव्हतं. मे महिन्यात निवृत्त झाले आणि हातात वेळ आला, तेव्हा वाचलं. आमच्याकडे शिक्षक ५८ व्या वर्षी घरी बसतो. केप्लर गेला तेव्हा तोही ५८ चाच होता.

स्टेशनातून बाहेर पडून शहर डावीकडे ठेवत आधी दगडी पुलाशी गेलो, कारण मला तो आला तसं गावात शिरायचं होतं. २ नोव्हेंबरला तो उत्तरेकडून, थकलेल्या घोड्यावर बसून आला. डॅन्यूब ओलांडायला इथं तेव्हा दुसरा पूलच नव्हता. ११३५ ते ११४६ या अकरा वर्षांत बांधलेला हा पूल आज फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा आहे. आम्ही आधी पलीकडच्या टोकाला गेलो आणि तिथून परत फिरलो. पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज होता. खाली खांबांच्या दगडी पायांमधून नदी इतकी जोरात रेटते की भोवरे होतात. धुक्यात तो आवाज एकदम पायाखालून येतो. पुलाच्या मध्यावर कठड्यावर एक दगडी माणूस बसला आहे, कपाळावर आडवा हात धरून कॅथेड्रलकडे बघत. त्याच्यापाशी थांबलो तेव्हा कॅथेड्रलचे मनोरे दिसतच नव्हते. मग हळूहळू वरून खाली नव्हे, खालून वर उमटत गेले. आधी राखाडी भिंत, मग नक्षी, मग टोकं. केप्लरला ही टोकं दिसली नसणार. ती १८६९ ला पुरी झाली. त्याला दिसले असणार दोन अपुरे, बुटके बुरूज.

तो आला होता पैशासाठी. हे लिहिताना अजूनही माझा हात अडखळतो. रुडॉल्फ, मॅथायस, दुसरा फर्डिनांड अशा तीन सम्राटांचा हा राजगणिती. ग्रहांची कोष्टकं त्यानं १६२७ ला उल्मला छापून घेतली. आणि पगार वर्षानुवर्षं थकलेला. शेवटी सम्राटानं ते देणं आपल्या अंगावरून काढून सेनापती वालनश्टाइनवर ढकललं. आणि १६३० साली याच गावात भरलेल्या बैठकीत वालनश्टाइनच पदावरून गेला. मग मागायचं कुणाकडे?

अण्णा आठवले. माझे वडील. वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. शाळेला अनुदान मिळालं तेव्हा मागच्या वर्षांचा फरक अडकला. दर महिन्याला एकदा, कापडी पिशवीत कागद घालून, एसटीनं ते जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे. "वरून आलं नाही," किंवा "ते आता दुसऱ्या टेबलाकडे गेलंय." घरी आले की काही बोलायचे नाहीत, हातपाय धुऊन वही काढायचे. वहीत तारीख, एसटीचं भाडं, आणि भेटलेल्या माणसाचा हुद्दा. शेवटी फरकाचा काही भाग आला तो आईच्या नावावर, अण्णा गेल्यावर सव्वा वर्षानं. तो चेक आईनं कितीतरी दिवस देवघरातच ठेवला होता.

म्हणून मला आज पुलावरून चालत यायचं होतं. फक्त गणितासाठी नाही.

केप्लर उतरला ते घर जुन्या गावात आहे. गल्लीला आता त्याचंच नाव. ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी तो राहिला, आल्यावर काही दिवसांतच ताप भरला आणि तेरा दिवसांत संपलं सगळं. मी घरासमोर बराच वेळ उभी राहिले. गल्ली अरुंद, दगड ओले. शेजारच्या खिडकीत कुणीतरी वाळक्या पानांचं तोरण लावलं होतं. लेकीनं काही विचारलं नाही, नुसता माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढच्या वर्षाचं. ७ नोव्हेंबर १६३१ ला बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, असं त्यानं गणित करून आधीच जाहीर केलं होतं. त्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदी नावाच्या खगोल-अभ्यासकानं तो बारका काळा ठिपका खरोखर पाहिला. कुणा माणसानं बुधाचं असं अधिक्रमण पाहण्याची ती पहिली वेळ. हे ज्यानं सांगितलं तो वर्षभरापूर्वीच गेलेला.

दुपारी ऊब मिळावी म्हणून पुलाच्या पायथ्याशी आलो. तिथं सॉसेज भाजणारं एक फार जुनं, बुटकं घर आहे. धूर धुक्यातच मिसळत होता, कुठला कुठं संपतो कळत नव्हतं. मी शाकाहारी, त्यामुळे दुसरीकडे बटाट्याचं सूप आणि मिठाचे खडे लावलेला मोठा ब्रेत्सेल. पण त्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत, साल घालून. त्या वाचताना सांगलीच्या आयर्विन पुलावरचे फुटांचे आकडे डोळ्यांपुढं आले, २०१९ चा ऑगस्ट आला. नदीकाठच्या माणसाला अशा खुणा समजावून सांगाव्या लागत नाहीत. माझी नजर आपोआप आपल्या खांद्याच्या वरची रेघ शोधू लागली.

जुन्या राटहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या, तळघरात छळाची खोली जपून ठेवली आहे. तिला "फ्रागश्टाट" म्हणत, म्हणजे प्रश्न विचारायची जागा. लाकडी जाळीआड अधिकारी बसत. मला आत जायचं नव्हतं, पण गेले, केप्लरच्या आईसाठी. काटारिना. औषधी पाला ओळखणारी, तोंडाची फटकळ म्हातारी. शेजारणीनं चेटूक केल्याचा आळ घेतला आणि ७० च्या पुढच्या त्या बाईला १४ महिने साखळीत ठेवलं. तो सगळा प्रकार दूर वुर्टेमबर्गमध्ये झाला. पण १६२० च्या शरदात केप्लर तिला सोडवायला निघाला तेव्हा बायकोमुलांना त्यानं याच गावात आणून ठेवलं होतं. बचावाची बाजू त्यानं स्वतः लिहून काढली. शेवटी म्हातारीला छळाची हत्यारं समोर मांडून दाखवली. हिनं कबुली दिली नाही. सुटली, आणि पुढच्याच वर्षी गेली. १६१९ ला तिसरा नियम छापून आला, तेव्हा आईवरचा आळ चार वर्षं जुना झालेला होता. आवर्तकालाचा वर्ग, अंतराचा घन. हे कुठल्या डोक्यानं, कुठल्या रात्री सुचलं असेल त्याला!

साडेचारलाच अंधार पडला. आता खोलीच्या खिडकीतून समोरच्या छतावरचं ओलं कौल तेवढं दिसतंय.

रविवार, १६ नोव्हेंबर. म्युनिक

सकाळी दहाला कॅथेड्रलमध्ये गेलो. रविवारच्या प्रार्थनेला इथली मुलं गातात. गाणाऱ्या मुलांची ही परंपरा थेट ९७५ सालापासूनची. शब्द एकही कळला नाही. एक उंच आवाज काचांच्या जुन्या निळ्या-तांबड्या खिडक्यांपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. खांबाशी तेराव्या शतकातला एक दगडी देवदूत आहे, मेरीला सांगावा घेऊन आलेला. तो चक्क हसतोय, दात दिसतील असं, घरात आनंदाची बातमी घेऊन शिरणाऱ्या माणसासारखं. मेरी समोरच्या खांबाशी. मधली सगळी जागा मोकळी, तिथून माणसं जा-ये करत असतात.

आज इथं युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा रविवार होता. पुष्पचक्रं दिसली. जुनं गाव बॉम्बमधून पुष्कळसं वाचलं. १९४५ च्या २३ एप्रिलला, शहर लढाईशिवाय सोडा असं म्हणणारी माणसं, त्यात कितीतरी बायका, चौकात जमली होती. कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर त्यांच्या वतीनं बोलायला उभे राहिले. त्यांना पकडलं आणि त्याच रात्री फाशी दिली. पुलाच्या कमानीही त्याच दिवशी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच उडवल्या. चार दिवसांनी शहर न लढता स्वाधीन झालं. चारच दिवस!

नंतर नॉयफारप्लात्झ. या चौकाबद्दल लेकीलाही नीट माहीत नव्हतं. जमिनीवर पांढऱ्या दगडासारख्या काँक्रिटची एक बुटकी आखणी आहे, भिंतींचे पाये, खांबांची बुडं. मला आधी बसायचे ओटे वाटले, आणि लोक बसतातही. हा इथल्या सिनॅगॉगचा, ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचा आराखडा. दानी कारावान या इस्राएली शिल्पकारानं २००५ मध्ये, मूळ जागेवर, तसाच उमटवला. १५१९ च्या फेब्रुवारीत इथल्या ज्यूंना हाकललं, ऐन थंडीत, सिनॅगॉग पाडलं. त्यांच्या कबरींवरचे दगड उपटून लोकांनी मिरवायला आपल्या घरांच्या भिंतींत बसवले. असा एक दगड आम्हाला सापडला, हिब्रू अक्षरांचा. मी बोट फिरवलं, अक्षरांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. पाचशे वर्षं कुणाच्या तरी आजीचं, बापाचं नाव परक्याच्या भिंतीत. वाचता येत नव्हतं मला. तरी हात काढवेना.

परत स्टेशनकडे येताना बागेतून आलो. तिथं केप्लरचं स्मारक आहे, १८०८ चं. गोल, खांबांचं, लहानशा देवळासारखं, आत अर्धपुतळा. गावाच्या वेशीबाहेर इथंच कुठंतरी प्रोटेस्टंटांची दफनभूमी होती, तिथं त्याला पुरलं. दोन-तीन वर्षांत तीस वर्षांच्या युद्धातल्या धुमश्चक्रीत ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली. कबर गेली, दगड गेला. त्यानं स्वतःच लिहून ठेवलेल्या दोन लॅटिन ओळी तेवढ्या कुणीतरी नोंदल्या म्हणून उरल्या. आकाश मोजत होतो, आता पृथ्वीच्या सावल्या मोजतो. मन आकाशाचं होतं, देहाची सावली इथं पडली आहे.

बागेत कुणी नव्हतं. एक आजोबा कुत्र्याला घेऊन गेले, एवढंच. पायऱ्यांवर पिवळी पानं ओली होऊन चिकटून बसली होती. मी फूल आणलं नव्हतं. पर्समध्ये अण्णांच्या वहीचं एक पान असतं नेहमी, घडी घालून. ते काढलं, वाचलं, पुन्हा ठेवलं. १४ जुलै. भाडं चार रुपये साठ पैसे. वरिष्ठ लिपिक. उद्या या म्हणाले.

संध्याकाळी घरी आलो तर नातू दारातच उभा. परवाच्या संत मार्टिनच्या सणाच्या मिरवणुकीतला कागदी कंदील अजून सोडवत नाही त्याला, झोपतानाही उशाशी असतो. "आजी, काय आणलंस?" काहीच आणलं नव्हतं. मग बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं, शिवणाच्या डब्यातल्या दोन टाचण्या आणि दोरा घेतला. त्याचा हात धरून पेन्सिल फिरवली. दोरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा रेघ जिथून निघाली तिथंच नीट येऊन मिळाली. त्यानं एका टाचणीभोवती पिवळा सूर्य रंगवला, किरणं काढली. मग पेन्सिलीचं टोक दुसऱ्या टाचणीवर टेकवलं.

"आणि इथं काय आहे?"

"काही नाही रे राजा."

"मग काढू ती?"

"काढून बघ बरं," म्हटलं, "आणि आता फिरव पेन्सिल."

फिरवली त्यानं. वर्तुळ आलं. बराच वेळ बघत बसला, आणि टाचणी पुन्हा होती तिथंच, त्याच भोकात खोचली.