बुस्कलानला गोंदवून घ्यायला जाताना

फिलिपिन्सच्या उत्तरेला, कलिंगा प्रांतातल्या डोंगरावर बुस्कलान हे गाव आहे. १९१७ साली जन्मलेल्या, गोंदणाऱ्या वांग-ओद आजींमुळे ते जगाला माहीत झालं. आपल्याकडे गोंदणारीण सुया टोचते, इथे काटा ठोकतात. या कामाला 'बातोक' म्हणतात.

तयारी सहा महिने आधी सुरू करा. हेपटायटिस बी रक्तातून पसरतो आणि लशीचा तिसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेऊन ठेवा.

राजधानी मनिलाहून रात्रीच्या बसने बोंतोक हे डोंगरातलं शहर साधारण बारा तास. पैसे तिथेच काढून घ्या, गावात एटीएम नाही. पुढे जीपनीने (तिथली जीपसारखी प्रवासी गाडी) तिंगलायनच्या दिशेने, आणि शेवटचा चढ पायी. वाटाड्या घ्यावाच लागतो. मुक्काम गावकऱ्यांच्या घरात. जून ते ऑक्टोबर टाळा, वादळी पावसात दरडी कोसळून रस्ता बंद पडतो.

आजी आता बहुतेकांना आपली खूण असलेले तीन ठिपकेच देतात. मोठी नक्षी त्यांच्या भावंडांच्या नाती आणि गावातल्या इतर मुली काढतात. ही विद्या रक्ताच्या नात्यातच द्यायची, अशी जुनी रीत होती, ती आता सैल झाली आहे. ठिपक्यांपुरतंच जाऊन परत फिरू नका. गोम, सापाचे खवले या जुन्या नक्ष्यांचे अर्थ विचारा आणि मगच निवडा.

हत्यार अगदी साधं. बांबूच्या काडीच्या टोकाला पपनसाचा काटा आडवा खोवलेला. शाई म्हणजे काजळी आणि पाणी. आधी गवताची काडी शाईत बुडवून त्वचेवर रेघ उमटवतात. मग काटा रेघेवर धरून दुसऱ्या काठीने टकटक ठोकत जातात, रक्त पुसतात, पुन्हा त्याच रेघेवरून ठोकतात. एका फेरीत रंग भरत नाही.

काटा नवा हवा, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत बसवून घ्या. शाईही वेगळ्या वाटीत मागा. आधीच्या माणसाचा काटा बुडालेल्या वाटीत नवा काटा घातला, तर नव्याचा उपयोग काय? यात संकोच करू नका.

रेघ वाकडी येते ती बहुधा त्वचा सैल राहिल्याने. पोटावर काटा उसळतो, दंडावर किंवा पोटरीवर त्वचा नीट ताणता येते. हाडावर दुखतं जास्त.

परतीच्या पायवाटेवर घाम आणि धूळ लागते, म्हणून जखम झाकून उतरा. मुक्कामी पोचल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. खपली आपोआप पडू द्या, ओढली तर तिच्यासोबत रंगही निघतो. लाली पसरत गेली किंवा ताप आला, तर थेट डॉक्टर गाठा. आणि भारतात गोंदवल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही.