हलगी-चाल, नोंद ७: १८६ मिलिसेकंदांचा भुर्दंड

हलगी-चाल हे आमचं यंत्र: उजव्या कोल्हापुरी चपलेतला सेन्सर टाच कधी टेकली ते सांगतो, कमरेचा स्पीकर हलगीचा ठोका वाजवतो; चालणारा ठोक्याला पाय जुळवतो आणि यंत्र पावलाला ठोका. नोंद ६ मध्ये चाल मंदावण्याचं खापर चपलेतल्या सेन्सरवर फोडलं होतं. ते मागे घेतो. सेन्सर निर्दोष निघाला. उशीर आवाजाच्या वाटेवर होता, आणि तोही थोडाथोडका नाही, १८६ मिलिसेकंद.

लक्षण पुन्हा एकदा: कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पदपथावर मिनिटाला ११२ पावलांनी सुरुवात केली की संध्यामठाच्या बाजूला पोचेपर्यंत आकडा १०० च्या खाली. यंत्र बंद केलं की दहा-बारा पावलांत चाल आपोआप पूर्ववत. म्हणजे माणूस दमत नव्हता, हलगीच त्याचा पाय मागे ओढत होती.

ईएसपी ३२ (यंत्राची मुख्य चिप) कडून मॅक्स ९८३५७ (स्पीकरचा अॅम्प्लिफायर) कडे आवाज आयटूएस या डिजिटल तारेने जातो आणि मधे डीएमएचे बफर, म्हणजे आवाज रांगेत साठवायच्या टाक्या, असतात. उदाहरणाच्या कोडमधून जशीच्या तशी उचललेली मांडणी होती ८ बफर, प्रत्येकी १०२४ नमुने (आवाजाचे सुटे आकडे). एकूण ८१९२. सेकंदाला ४४,१०० या वेगाने ते वाजून संपायला १८५.८ मिलिसेकंद लागतात. दोन ठोक्यांच्या मधे आपण शांतता भरत राहतो, त्यामुळे ही टाकी कायम काठोकाठ. नवा ठोका आला की रांगेच्या शेपटाला उभा. गाणी वाजवायला ही मांडणी झकास आहे, पावलं जुळवायला कुचकामी.

आता यातून चाल मंदावते कशी? यंत्राच्या हिशेबात ठोका ० ला पडला, कानावर आला १८६ ला. चालणारा कानातल्या ठोक्याला पाय जुळवणार, म्हणजे टाच साधारण १६० ला टेकणार. यंत्राला वाटतं गडी मागे पडला, म्हणून पुढचा ठोका ते लांबवतं. लांबलेल्या ठोक्यासाठी चालणारा आणखी थांबतो. दोघंही एकमेकांची वाट बघत चाललेत. दर पावलाला चूक किरकोळ, पण साठत जाते.

मोजायची रीत साधी आहे, ऑसिलोस्कोप लागत नाही. यंत्रात 'लगेच वाजव' अशी चाचणी-स्थिती ठेवा: सेन्सर दाबला की कसलाही अंदाज न बांधता तत्काळ ठोका. सेन्सर पाटावर चिकटवा, वर स्टीलचा चमचा आपटा, शेजारी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं की चमच्याचा खण आणि हलगीचा ठोका असे दोन उंचवटे शेजारी-शेजारी दिसतात. मधलं अंतर हाच उशीर. दहा वेळा मोजा. आमचे आकडे १८८ ते १९१ मधे आले. वरचे दोन-पाच सेन्सर वाचण्याचे आणि हलगीच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेचे. ती रिकामी जागा कापून टाका, फुकटचे मिलिसेकंद सुटतात.

आता ८ बफर, प्रत्येकी ६४ नमुने. ११.६ मिलिसेकंद. चार बफरांवर ५.८ होतात, पण वायफाय चालू असताना आवाज तडतडतो. चालताना वायफाय बंदच ठेवा आणि नोंदी एसडी कार्डावर घ्या, मात्र कार्डावर लिहिण्याचं काम चिपच्या दुसऱ्या कोअरवर (प्रोसेसरच्या दुसऱ्या भागावर) टाका. कार्ड मधूनच अडून बसतं आणि तेवढ्यात एखादा ठोका हुकतो. ब्लूटूथ इयरफोनचा विषय नोंद ३ मध्येच संपलाय: उशीर १५० ते २५० आणि तोही बदलता. शिवाय रस्त्याकडेला कान मोकळे हवेत. ४ ओमचा छोटा स्पीकर कमरेला पुरतो. तिथून कानापर्यंत हवेतले २ मिलिसेकंद सोडून द्या.

चपलेबद्दल थोडं, कारण तिच्यावर उगाच आळ घेतला होता. एफएसआर ४०२ (दाब मोजणारा चकतीसारखा सेन्सर) टाचेखाली चामड्याच्या दोन थरांत बसवला की शिलाईच्या ताणाने आधीच दाबला जातो; पाय वर असतानाही चिपच्या वाचनात ४०९५ पैकी ८००-९०० दिसतात. खालच्या थरात चकतीपुरता खळगा कोरून घ्या. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत (चपलांच्या बाजारात) हे काम पाच मिनिटांचं आहे, फक्त शिलाईआधी सांगायला हवं. सेन्सरच्या शेपटाच्या पायांना (पिनांना) सोल्डर लावू नका, प्लॅस्टिक वितळतं. दाबून बसवायचा क्रिम्प कनेक्टर वापरा. एका ऑनलाइन दुकानातून आलेल्या पाचपैकी दोन सेन्सरांचे पाय आधीच सोल्डर करून जाळलेले होते. सेन्सर चिपच्या जीपीआयओ ३४ या पिनवर, ग्राउंडकडे १० किलोओमचा रोध. एडीसी २ च्या (चिपच्या दुसऱ्या मोजणी-गटाच्या) पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत, म्हणून चाचणीच्या वेळीही त्या टाळलेल्या बऱ्या.

खरी खोडी वेगळीच निघाली. कोल्हापुरीला मागे पट्टा नसतो. पाय उचलला की तळ लोंबतो आणि परत टाचेवर फटकन आपटतो, त्याची खोटी नोंद होते. आधी 'टाच टेकल्यावर ४०० मिलिसेकंद काही ऐकायचं नाही' असा नियम होता, तो अपुरा. ११२ च्या चालीत एकाच पायाची फेरी (टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंत) १०७१ मिलिसेकंदांची. त्यातला जवळपास ६०% वेळ पाय जमिनीवर असतो, म्हणजे फटका पडतो तो ६५० नंतर. आता हे न ऐकण्याचं कुलूप शेवटच्या दहा फेऱ्यांच्या मध्यकाच्या ७५%, म्हणजे ८०० च्या आसपास. त्याच दहा फेऱ्यांच्या सर्वोच्च दाबाच्या ४०% वर उंबरठा, त्याखालचा दाब धरायचा नाही. खोट्या नोंदी जवळजवळ संपल्या. ही बारीक जीत आहे, पण दोन महिने चघळलेली.

तर बफर आटोपला, सेन्सर सरळ झाला, आता चाल टिकायला हवी होती. उलटंच झालं. चाल वाढायला लागली, रंकाळ्याच्या एका फेरीत ११२ वरून ११९.

याचं कारण यंत्रात नाही, माणसात आहे. ठोक्याला जुळवताना माणूस ठोका ऐकून हालचाल करत नाही, ठोका कधी येणार ते ताडून करतो आणि बहुतेक वेळा काही दहा मिलिसेकंद आधीच पोचतो. टिचकी मारताना हे होतं तसं पावलांतही होतं. यंत्र मात्र टाच आणि ठोका यांत शून्य फरक म्हणजे बरोबर असं धरून बसलेलं. टाच २५ आधी पडली की त्याला वाटतं गडी घाईत आहे, मग तेही घाई करतं.

उपाय: लक्ष्य शून्य ठेवायचं नाही. पहिली ६० पावलं ठोका स्थिर ठेवायचा, त्या वेळच्या फरकांचा मध्यक काढायचा आणि तोच त्या माणसाचा शून्य मानायचा. त्यापासून ढळलं तरच सुधारणा. सेन्सर फक्त उजव्या पायात असल्याने सुधारणा फेरीला एकदाच होते, फरकाच्या ०.३ पट, तीही दोन ठोक्यांत वाटून, ठोक्यामागे जास्तीत जास्त ८ मिलिसेकंद. ११२ ला दोन ठोक्यांतलं अंतर ५३६. त्याच्या साधारण २% बदल कानाला कळतो, म्हणजे जेमतेम ११. आठावर थांबलं की ठोका सरकल्याचं जाणवत नाही.

लिहिता लिहिता लक्षात आलं: हा माणसागणिक शून्य काढला की स्थिर उशीर आपोआप त्यात जिरतो, मग तो १२ असो की १८६. म्हणजे चमच्याची चाचणी वाया? तसं नाही. उशीर मोठा असला की आत्ता केलेली सुधारणा रांगेत अडकते, कधीकधी एक ठोका चुकवून ऐकू येते आणि चाल हेलकावे खाते. पण क्रम उलटा ठेवला असता, आधी शून्य आणि मग बफर, तर दोन आठवडे वाचले असते. नव्याने बांधणाऱ्यांनी उलट्या क्रमानेच जावं.

कुणी विचारेल, फोनवरचा मेट्रोनोम लावून चाललं तर काय बिघडतं? निरोगी चालीत फेऱ्यांची लांबी थोडी-थोडी बदलते आणि त्या बदलांना लांबवर स्मृती असते, म्हणजे आत्ताच्या फेरीचं बऱ्याच आधीच्या फेऱ्यांशी नातं असतं; हाउसडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की मेट्रोनोमच्या तालावर चालताना ती स्मृती मोडते. आपल्याला ठोका हवा, पण लगाम नको. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी स्थिर ठोका उपयोगी पडतो हे मायकेल थॉट यांच्या गटाने त्याच वर्षी मांडलं, पण ते काम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीचं. हे यंत्र त्यासाठी नाही.

आवाजाचं: घुमकं (हलगीच्या साथीचं चर्मवाद्य) काढून टाकलं. त्याचा नाद हळू चढतो, त्यामुळे ठोका नेमका कधी पडला हे कानाला उशिरा वाटतं आणि पाय सैल पडतो. तापवलेल्या हलगीवरचा बारीक काठीचा ठोका सगळ्यात चांगला. थंड हलगी रेकॉर्ड करू नका, ढब्ब वाजते. करकर वाजणारी चप्पल घालून पाहा असं सुचवलं गेलं होतं. मजा आहे, पण ती टेकलेल्या पावलाचा आवाज देते, पुढचं पाऊल कधी टाकायचं ते सांगत नाही. शिवाय नेमकी हलगीच्या ठोक्यावरच वाजते.

पुढचा बेत स्पीकर बदलण्याचा होता, तो रद्द. आता भजनी ठेका वाजतोय, ८ मात्रांचा, मात्रेला एक पाऊल. त्यामुळे सम (पहिली मात्रा) कायम उजव्याच पायावर येते. जोर एकाच पायावर पडत राहिला तर ती फेरी लांबते का, हे डाव्या सेन्सराशिवाय कळणार नाही. म्हणून डावी चप्पल आधी. आणि रूपक ताल लावून पाहायचा: ७ मात्रा, विभाग ३-२-२. सम खालीची, म्हणजे बिनजोराची, असल्याने जोर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो, आणि आवर्तन विषम असल्याने पुढच्या आवर्तनाला तोच जोर दुसऱ्या पायावर जातो. सात ठोक्यांची फाईल तयार आहे. डाव्या चपलेत खळगा कोरून झाला की दोन्ही ठेक्यांची एकेक फेरी रंकाळ्यावर, ११२ लाच.