हवेचा काटा

इंटर्नशिपचा सातवा आठवडा. तीन दिवस ट्रेड स्कूल, तीन दिवस वर्कशॉप असं चाललंय, आणि आज जे झालं ते लिहूनच झोपायचं ठरवलंय कारण नाहीतर उद्यापर्यंत त्यातलं अर्धं विसरेन.

यार्डात कालपासून उभा असलेला ट्रक सकाळी हलेचना. इंजिन छान चालू, क्लच ठीक, हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं जाम. मी लगेच बोलून मोकळी झाले की डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा गिअर, गेलं असणार. मेस्त्री काका म्हणाले, "हवेचा काटा कुठं आहे ते सांग आधी." डॅशबोर्डवरचा तो टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा मी बघितलाच नव्हता.

मोठ्या गाडीच्या हँडब्रेकचा प्रकार उलटा असतो. ब्रेक लावून धरते ती मागच्या चाकांजवळच्या चेंबरमधली, म्हणजे ब्रेकच्या बंद डब्यातली, जाडजूड स्प्रिंग, आणि हवा ती स्प्रिंग दाबून ब्रेक सोडवते. म्हणजे हवा गेली की गाडी आपोआप जागच्या जागी धरली जाते, उतारावर पाईप फुटला तरी. किती विचार करून बनवलंय हे, मला खरंच भारी वाटतं. स्कूलमध्ये ही आकृती मी तीनदा काढलीये, पेपरात पूर्ण मार्क मिळालेत, आणि आज खरा ट्रक समोर असताना ते डोक्यात आलंच नाही, याचं दिवसभर वाईट वाटत होतं.

मग काकांनी चाकांना ठोकळे लावायला सांगितले आणि मलाच केबिनमध्ये बसवलं. हँडब्रेक लावलेला असताना काटा आरामात ८ बारपर्यंत गेला, सोडला की घसरत ४ च्या आसपास येऊन अडकला. परत लावला, परत चढला. तेव्हा कुठे लक्षात आलं की गळती स्प्रिंगकडे जाणाऱ्या लाईनमध्येच आहे, कारण त्या लाईनमध्ये हवा जाते तीच मुळी हँडब्रेक सोडल्यावर. हँडब्रेक सोडून इंजिन बंद केलं तर सूंऽऽ असा आवाज. साबणाचं पाणी ब्रशने लावत लावत गेले तर डाव्या बाजूला चेसिसला घासून होज (हवेचा लवचिक पाईप) झिजलेला, बुडबुडेच बुडबुडे.

टाकीतली हवा सोडून होज मी बदलला. नवीन घासू नये म्हणून क्लिप लावून चेसिसपासून लांब बांधला, पण चाक वर-खाली होतं तेव्हा ताण यायला नको म्हणून थोडा सैल ठेवला, हे काकांनी हाताने दाखवलं, पुस्तकात एवढं बारीक नव्हतं. चेंबरला मात्र हात लावू दिला नाही. आतली स्प्रिंग टनभर जोराने दाबलेली असते, बोल्टने अडकवल्याशिवाय चेंबर काढायला गेलं आणि ती सुटली तर माणूस जातो. ते शिकायला अजून वेळ आहे आणि मला घाईही नाही.

संध्याकाळी हँडब्रेक सोडला, काटा ८ वर तसाच, चाकं मोकळी. मग परत ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, काटा कुठे होता ते खडूने डॅशबोर्डवर लिहून आले. सकाळी कपडे बदलायच्या आधी तोच बघणार.