तुम्ही विचारलंत म्हणून : पुरानंतर शाळेला काय पाठवायचं?

कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की पूरग्रस्त शाळांच्या मदतकामात असलेल्या आम्हाला फोन सुरू होतात. "शाळांसाठी काय पाठवू? वह्या चालतील का? दप्तरं? आमचे चाळीस जण शनिवार-रविवार मोकळे आहेत, भिंती रंगवून देतील." आम्ही "जरा थांबा" म्हटलं की पुढचा प्रश्न दुखावलेल्या आवाजात येतो, "म्हणजे मदत नकोय का तुम्हाला?" हवी आहे हो. दर वेळी फोनवर अर्धंमुर्धं सांगून दोन्हीकडचे वैतागतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पाणी उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत शाळेला वहीचा काही उपयोग नसतो. ठेवायला कोरडी जागाच नसते. तेव्हा लागतात फावडी, घमेली, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे आणि पाण्याचा टँकर. गाळ ओला आहे तोवर काढायचा. शिरोळकडची काळी माती एकदा वाळली की पहार लावावी लागते आणि तिच्याबरोबर फरशीही निघते. आधी भिंती वरून खाली धुवायच्या, मग खोलीच्या मागच्या भिंतीपासून दाराकडे गाळ ओढत आणायचा. बाकांच्या ढिगाला हात घालण्याआधी काठीनं ठोकून बघायचं, कारण पुरात सापांनाही तीच जागा सापडलेली असते. आणि वायरमननं मीटर बोर्ड उघडून बघेपर्यंत मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही, मोबाइल चार्ज करायलासुद्धा नाही.

बाहेर काही फेकायचं नाही, हे ऐकून लोक चिडतात. फुगलेली बाकं, कुबट वास मारणारा पोषण आहाराचा तांदूळ, गंजलेलं कपाट, हे ठेवून करायचं काय? काहीच नाही, पण पंचनामा होईपर्यंत ते आवारातच एका बाजूला रचून ठेवायचं. प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली असते. पंचनामा आणि निर्लेखन (नोंदीतून रीतसर कमी करणं) न होता ती ट्रॉलीत गेली, तर नवं मागताना जुनं कुठे गेलं, हे मुख्याध्यापकांना पुढच्या तपासणीत सांगावं लागतं. तुम्ही रविवारी संध्याकाळी घरी पोचलेले असता. तांदूळ मात्र पंचनामा झाला की त्याच दिवशी पुरायचा. तो वाळवून वापरायचा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका, त्यात बुरशीचं विष असतं आणि ते शिजवून जात नाही.

आता ज्यासाठी हे मुख्यतः लिहायला घेतलं ते जनरल रजिस्टर. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. अलीकडच्या मुलांची माहिती शिक्षण खात्याच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर आहे, ती बुडत नाही. बुडतात आजोबा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो, आणि ज्या घराकडे जमिनीचा कागद नाही त्या घराला तो बहुतेक वेळा शाळेच्या रजिस्टरातच मिळतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सगळे याच रजिस्टरांवर तुटून पडले, तेव्हा कुठे लोकांना त्यांची किंमत कळली. पूर २०१९ ला येऊन गेला होता.

एका शाळेत त्या वेळी काय झालं ते सांगते. गाव सांगणार नाही. कपाट लोखंडी, रजिस्टरं खालच्या कप्प्यात, पाणी आठवडाभर आत. कागद पाणी पिऊन इतका फुगतो की पुस्तकं कप्प्यात घट्ट बसतात. अशा वेळी कप्प्याचे नटबोल्ट सोडून फळी सैल करायची असते. मदतीला आलेल्या मुलांनी पहार लावून ओढलं. पुठ्ठे आणि शिलाई मागे राहिली, पानांचा गठ्ठा हातात आला. मुलं कष्टाळू होती, सकाळपासून उपाशी राबत होती, हेही लिहिलंच पाहिजे. त्यांनी ती रजिस्टरं उघडून पत्र्यावर उन्हात मांडली. दुपारपर्यंत वरची पानं पापडासारखी वळली. आतली तशीच ओली. रात्री गठ्ठे एकावर एक रचून खोलीत ठेवले. दोन दिवसांनी कडांना काळी-हिरवी बुरशी आणि आत पन्नास-पन्नास पानांच्या विटा. मग कुणीतरी सुरी घालून पानं सोडवायला बसलं. वरच्या पानाची शाई खालच्या पानावर, खालच्या पानाचा कागद वरच्या पानाला चिकटलेला. एका ओळीत 'बापाचे नाव'पर्यंत वाचता येत होतं, पुढचा जातीचा रकाना पानासकट गेला होता. गुरुजी काही बोलले नाहीत. मदतीला आलेल्या माणसाला बोलायचं तरी कसं?

करायचं ते असं. ओलं रजिस्टर उघडायचं नाही. मिटलेलंच धरून वरचा चिखल स्वच्छ पाण्याच्या परातीत हलक्या हातानं धुवायचा. शाई सुटताना दिसली तर तेही नाही. जुनी निळी-काळी शाई बऱ्यापैकी टिकते, बॉलपेनही टिकतं; दगा देते ती नुसती निळी शाई आणि जेल पेन. ४८ तासांत वाळवून होणार नसेल, आणि पुरानंतर होतच नाही, तर प्रत्येक रजिस्टर बटर पेपरमध्ये गुंडाळून, वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, शिवण खाली करून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं. आइस्क्रीमवाल्याचा चालतो, दूध डेअरीचा चालतो. फक्त पूरपट्ट्याबाहेरचा हवा, वीज असलेला, जयसिंगपूरसारख्या ठिकाणचा. गोठलं की बुरशी थांबते, शाई थांबते आणि महिन्यांची सवड मिळते. मग एकेक बाहेर काढून, सावलीत, दर दहा-पंधरा पानांमागे कोरा न्यूजप्रिंट घालत वाळवायचं. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पहिल्या दिवशी दोन-तीन तासांनी कागद बदलायचे. पंखा खोलीत फिरता ठेवायचा, पुस्तकावर रोखलेला नको. वाळल्यावर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, कडेला रजिस्टर क्रमांकाची चिठ्ठी. लॅमिनेशन अजिबात नाही. आणि हे सगळं मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीनं, किती रजिस्टरं नेली-आणली याची सही घेऊन. रजिस्टर त्यांच्या ताब्यातली वस्तू आहे, आपल्या नाही.

तेव्हा "काय पाठवू?" याचं माझं पहिलं उत्तर हल्ली असं असतं: दोन रीम न्यूजप्रिंट, बटर पेपरचे रोल आणि एक फ्रीजर असलेला ओळखीचा माणूस. समोरचा गप्प होतो. फोटोत चांगलं दिसत नाही ना ते.

पाण्याचं थोडक्यात. टाकी घासून, गाळ काढून, भरून घ्या. १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळ तेवढी टाकीत ओता, नळांतून थोडं पाणी सोडा आणि २४ तास ठेवून सगळं काढून टाका. नंतर रोजच्या स्वच्छ पाण्याला १००० लिटरला अडीच ग्रॅम पुरते. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी) करा, पिवळा रंग आला नाही तर डोस कमी पडलाय. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात उघडं पडलेलं पोतं वापरलं तर रंग येणारच नाही. दमट हवेत पावडरीतला क्लोरीन उडून जातो. आणि संडास धुताना टीसीएल आणि ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

भिंती. चाळीस जणांनी यायचंच असेल तर ऑगस्टमध्ये नको, फेब्रुवारीत या. नऊ इंची विटांची भिंत आतून वाळायला महिने लागतात. वर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, पहिल्या उन्हाळ्यात पोपडे धरतात आणि तुमची बाराखडी पोपड्यांसकट खाली येते. भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी कडांना टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर रंग नाही. फारच वाटलं तर चुना, तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

मुलांबद्दल एवढंच : "पाणी आलं तेव्हा तुला काय वाटलं?" हे विचारू नका, पुराचं चित्र काढायला लावू नका. परिपाठ, हजेरी, पाढे, मधली सुट्टी जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. शिक्षकांचंही घर बुडालेलं असतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आणि न बुडालेल्या शाळा विसरू नका. उंचावरच्या शाळेत छावणी असते. शेकडो माणसं राहून गेल्यावर तिथले संडास तुंबलेले, सेप्टिक टँक भरलेला. तिथे मैला उपसणारी गाडी पाठवलीत तर शाळा दोन दिवसांत भरते. तिच्यासाठी देणगी आजवर कुणी आपणहून दिलेली नाही.

पूर्वी मी ठणकावून सांगायची, वस्तू नकोत, पैसे द्या. आता तेही तितक्या ठामपणे म्हणत नाही. पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारकडून येतात, केंद्रप्रमुखांमार्फत मागणी गेली की मिळतात. पण नववी-दहावीची नाही येत, आणि त्या मुलांना कंपासपेटीपासून सगळं लागतं. तेव्हा वह्या हव्यात, कुठल्या ते शाळेला विचारून. पैशाचंही तसंच: कुणाच्या खात्यात, हिशेब कोण देणार, यावर आमच्यातच एकमत नाही.

आणि रजिस्टरं मुळात कुठे ठेवायची? "वर ठेवा" म्हणणं सोपं आहे. झेडपीच्या बहुतेक शाळा बैठ्या. माळा केला तरी २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं होतं, धोका पातळीच्या बारा फूट वर. नदीकाठच्या गावांत माळाही पाण्यात जातो. गुरुजींनी घरी न्यावीत तर नियमात बसत नाही, आणि घरही त्याच गावात. स्कॅन करून ठेवावीत असं सगळेच म्हणतात. ते पावसाळ्याआधी करायचं काम आहे, आणि मे महिन्यात कुणाचा फोन येत नाही.